निशाण वर होईपर्यंत

१

युद्धइतिहास मंडळाचं व्याख्यान महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत असे. खोली लांबट, छत बुटकं, आणि एका भिंतीवर पांढरा पडदा कायमचा टांगलेला. खुर्च्या गादीकाका मांडत. आयुष्यभर त्यांनी लोकांचे सोफे आणि खुर्च्या शिवल्या होत्या. या खोलीतल्या खुर्च्यांच्या बैठकाही त्यांनीच भरून दिल्या होत्या. बैठका कशा टिकल्यात ते बघायला म्हणून एका शनिवारी ते आले, आणि मग येतच राहिले. इतिहासातलं त्यांना फारसं कळत नसे. शाळा लवकर सुटलेली. पण कुणीतरी जीव तोडून काही सांगतंय आणि आपण मागच्या रांगेत बसून ऐकतोय, हे त्यांना फार आवडे.

त्याहून आवडे ते भांडण. मंडळातली माणसं एरवी सज्जन, पण तोफ ओढ्याच्या डावीकडे होती की उजवीकडे, यावरून एकमेकांच्या अंगावर जात. कर्नल सगळ्यांत तापट. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले; पलटणीचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण मिशी भारदस्त असल्यामुळे नाव पडलं ते पडलं. दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्या समोरच्याचा मुद्दा मुळासकट उपटायच्या. आणि व्याख्यान देणारे मास्तर, ते तर चहा गार झाला तरी हट्ट सोडायचे नाहीत.

काकू शेजारी विणत बसत. त्यांना युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. घरी बसून घड्याळाकडे बघण्यापेक्षा इथे बरं, एवढंच. काकूंना झोप येत नसे. आज नाही, कितीतरी वर्षं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कोमट दूध झालं. अंथरुणावर त्या डोळे उघडे ठेवून पडत आणि आपले बर्फासारखे गार पाय काकांच्या पोटरीला लावत. हिवाळा असो की भर उन्हाळा, पाय गारच. काका दचकत, हसत, आणि पोटरी तशीच ठेवून झोपी जात. सकाळी उठले की त्यांना अपराधी वाटे, की आपण झोपलो आणि ही जागीच राहिली.

न झोपल्यामुळे म्हणा किंवा मुळातलाच म्हणा, काकूंचा स्वभाव तिखट होता. काका हळू बोलत. एकेक शब्द उचलून, बघून, मग ठेवत. "तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत माझी भाजी करपते," असं काकू चारचौघांत म्हणत, आणि सगळ्यांत आधी काकाच हसत.

२

वर्षातून एकदा मंडळाची सहल निघे. थंडीचे दिवस, छोटी बस, डब्यांतून खाणं. जायचं ते एखाद्या जुन्या रणभूमीवर, आणि रणभूमी म्हणजे बहुतेक वेळा एक साधं माळरान, ज्यावर मास्तर हातवारे करून सैन्य उभं करायचे.

त्या वर्षीच्या माळावर एक घळ होती. पुरुषभर खोल, तळाशी दाट मऊ गवत, आणि वर एक टेकाड. मास्तरांनी सांगितलं की एक पलटण या घळीत दबा धरून पडली होती. हुकूम एवढाच होता की टेकाडावर निशाण वर झालं की उठायचं. निशाण काही वर झालं नाही. लढाई तिसरीकडेच संपून गेली.

"मग ही माणसं उठली कधी?" कर्नलांनी विचारलं. प्रश्न कमी, आव्हान जास्त.

"उठली आणि घरी गेली," मास्तर म्हणाले. "त्यापुढचं कुणी लिहिलेलं नाही."

कर्नलांना हे पटलं नाही आणि दहा-पंधरा मिनिटं चांगली खडाजंगी झाली. मग मास्तरांच्या डोक्यातून एक नवी कल्पना निघाली. आजवर मंडळी नुसती उभी राहून बघायची. या वेळी सगळ्यांनी खरंच घळीत आडवं व्हायचं. पडलेल्या शिपायाला काय दिसत असेल ते पडल्याशिवाय कसं कळणार? वर टेकाडावर कुणीतरी लाल फडकं घेऊन बसायचं. मास्तर शिट्टी वाजवतील, फडकं वर होईल, की सगळ्यांनी उठायचं.

काकांचे गुडघे घळीत उतरण्यातले नव्हते. तेव्हा घडीचं स्टूल, थर्मास आणि लाल फडकं घेऊन तेच वर बसले. ऊन कोवळं होतं. खाली मंडळी एकमेकांची चेष्टा करत उतरत होती, आपापली जागा शोधत होती. काकूंनी पिवळी शाल अंगाभोवती घट्ट केली आणि वर बघून ओरडल्या, "अहो, झोपू नका हं तिथे. नाहीतर आम्ही इथेच राहू जन्मभर."

काकांनी हात हलवला. उत्तर जुळवेपर्यंत काकू आडव्या झाल्याही होत्या.

३

पहिली गोष्ट काकांच्या लक्षात आली ती शांतता. चेष्टा थांबली, खोकला थांबला. एवढी माणसं, त्यातली निम्मी म्हातारी, कठीण जमिनीवर आडवी होतात तेव्हा कुरकुर होतेच. कुणाला खडा टोचतो, कुणाचा हात अवघडतो. इथे कुणी कूससुद्धा बदलली नाही. प्रत्येकाला जणू आपल्या मापाची जागा मिळाली होती. काकांना मनातून बरं वाटलं. चांगली भरलेली गादी असली की माणूस असाच पडतो.

मास्तर एकटे घळीच्या काठावर उभे राहून बोलत होते. बोलणं संपवून त्यांनी शिट्टी वाजवली. काकांनी फडकं वर केलं.

माणसं उठली. सावकाश, न बोलता, एकदम. अंगाला लागलेलं गवत कुणी झटकलं नाही. पिवळी शाल मात्र पडूनच होती.

 काकांनी पुन्हा फडकं हलवलं, स्टुलावरून उठून हलवलं. मग शालही उठली, आणि काकू इतरांच्या मागून चढ चढून वर आल्या. चेहरा धुऊन काढल्यासारखा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी वाटत होती.

"डोळा लागला होता माझा," त्या म्हणाल्या. "काय छान लागला होता."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी हे वाक्य ते ऐकत होते. त्यांनी थर्मासमधला चहा ओतून दिला, काकूंनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. एरवी त्या तळाशी एक घोट ठेवत.

कप पुसताना काकांनी सहज खाली पाहिलं. घळ रिकामी होती. काकू जिथे पडल्या होत्या ती जागा त्यांना नेमकी माहीत होती, कारण सगळा वेळ ते तिथेच बघत होते. तिथलं गवत दबलेलं होतं. दबलेलं गवत काय, जरा वेळानं उठतंच. बैठकीचंही तसंच असतं. माणूस उठला की भराव श्वास घेतल्यासारखा वर येतो. तो वर आला नाही तर दोनच गोष्टी असतात. एक तर भराव मेलेला असतो, नाहीतर माणूस अजून बसलेला असतो.

ते बराच वेळ बघत राहिले. गवत वर आलं नाही. वारा आला तेव्हा भोवतालची पाती हलली, तेवढी जागा हलली नाही.

ओल असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. बसच्या भोंग्यानं त्यांना हाक मारली.

४

त्यानंतर काकू झोपू लागल्या. पाठ टेकली की डोळा लागे तो थेट सकाळी उघडे. गोळ्या सुटल्या. डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर थाप मारली. शेजारीण म्हणाली, काकू दहा वर्षांनी लहान दिसताय. मुलगी लांब राहायची, ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा आवाज किती गोड लागतो हो हल्ली."

घरात सुख होतं, याबद्दल काकांना शंका नव्हती. तक्रार करावी असं काहीच नव्हतं. चहा वेळेवर येई. काकू गुणगुणत. काका बोलायला लागले की त्या हातातलं काम ठेवून, मान जराशी कलती करून, वाक्य पुरं होईपर्यंत थांबत. वाक्य पुरं झालं की हसत. पहिल्या आठवड्यात काकांना हे फार गोड वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ते मुद्दाम जास्तच रेंगाळून बोलू लागले. एकदा तर मधेच थांबून त्यांनी खिडकीबाहेर कितीतरी वेळ पाहिलं. भाजी खरंच करपत होती, वास सुटला होता. काकू मान कलती करून थांबल्या होत्या.

आणि पाय. काकूंचे पाय आता ऊबदार होते. पहिल्यांदा ते पोटरीला लागले तेव्हा काका दचकले. गार पायांनी जेवढं दचकायचे त्याहून जास्त. डॉक्टरांना त्यांनी घुटमळत विचारलंही. झोप चांगली झाली की रक्ताभिसरण सुधारतं, डॉक्टर म्हणाले. बरोबरच होतं ते. माणूस झोपला की गोड होतो, बरा झाला की ऊबदार होतो. यात वावगं काय? काका स्वतःला समजावत, आणि पोटरी हळूच अंगाखाली ओढून घेत.

पहाटे थंडी पडली की त्यांना ती घळ आठवे. गवतावर दव पडत असेल.

५

मंडळाची व्याख्यानं चालू होती. खुर्च्या भरत, चहा होई. पण भांडण होईनासं झालं.

हे आधी मास्तरांच्याच ध्यानात आलं. एका शनिवारी ते लवकर आले आणि खुर्च्या मांडणाऱ्या काकांच्या मागेमागे फिरत राहिले. शेवटी म्हणाले की गेल्या वेळी त्यांनी मुद्दाम एक लबाडी केली. तोफ ओढ्याच्या डावीकडे होती हे मंडळातलं पोरसोरसुद्धा जाणतं. त्यांनी ती उजवीकडे सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"कर्नलांनीसुद्धा," मास्तर म्हणाले.  "गादीकाका, या तोफेपायी त्या माणसानं मला एकदा जिन्यावरून ढकलायचं बाकी ठेवलं होतं. परवा म्हणाला, वा, छान."

"वय झालं असेल," काका म्हणाले.

"सगळ्यांचं एकदम?"

काकांनी खुर्ची सरळ केली. त्यांना बोलायचं होतं. खुर्च्यांबद्दल सांगायचं होतं. कर्नल डाव्या मांडीवर भार देऊन बसत, डॉक्टरीणबाई कडेवर बसत. प्रत्येक बैठकीवरचा खळगा त्यांना चेहऱ्यासारखा ओळखीचा होता. सहलीनंतर व्याख्यान संपलं की खुर्च्या आवरताना सगळ्या बैठका एकसारख्या, नीट मधोमध दबलेल्या मिळत. पण हे वाक्य जुळायच्या आत मंडळी जिन्यातून वर येऊ लागली. कुणी कुणाच्या आधी घुसत नव्हतं. सगळे एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत होते.

त्या दिवशी मास्तरांनी सहलीची चित्रं दाखवली. दिवा मालवला, पडद्यावर माळ आला, ओढा आला, मग टेकाडावरून काढलेली घळ. हे चित्र आपण सहलीनंतर दोन-तीन महिन्यांनी एकटे पुन्हा जाऊन काढलं, मास्तर म्हणाले. घळ रिकामी हवी होती. आवाजात जोर नव्हता.

घळ रिकामी होती. आणि गवतात जागा होत्या. शेजारी शेजारी, लांबट, प्रत्येक वेगळ्या मापाची. डाव्या कुशीवर भार दिलेली एक जागा काकांनी ओळखली. कडेला अंग चोरून असलेली एक ओळखली. काकूंची तर ओळखायची गरजच नव्हती. मधे अवकाळी पावसाच्या सरी येऊन गेल्या होत्या, सगळीकडचं गवत वाढलं होतं. तेवढ्या जागांवर वाढलं नव्हतं.

काकूंच्या जागेच्या डाव्या हाताला एक पट्टा तसाच राखलेला होता. तिथलं गवत उभं होतं. रुंदी बेताचीच, एका माणसाची. घरच्या पलंगावर काका डावीकडेच झोपत.

 अंधारात काकूंचा हात काकांच्या हातावर आला, ऊबदार आणि कोरडा.

"पुढच्या सहलीला तुम्ही खाली उतरा," त्या प्रेमानं म्हणाल्या. "वर मी बसते. निशाण मी दाखवते."

६

मास्तर सहल दुसरीकडे न्यायच्या विचारात होते. तसं त्यांनी सुचवलंही. मंडळी त्यांच्याकडे बघून हसली, कुणी वाद घातला नाही, आणि बस त्याच माळावर आली.

काकांनी आदल्या दिवशी खूप विचार केला होता. त्यांच्या विचारांचीही चाल बोलण्यासारखीच होती, पण पोचायचं तिथे ते पोचत. आपण वेडगळासारखं काहीतरी मनात घेतलंय, ही एक शक्यता. तसं असेल तर गवतावर घटकाभर पडायचं, शिट्टी झाली की उठायचं, आणि घरी येऊन सुखानं चहा प्यायचा. दुसरी शक्यता त्यांनी पुरती मनात येऊ दिली नाही. तिचं टोक तेवढं त्यांच्या हाती होतं, की तसं असेल तर ती गेलं वर्षभर त्या दवात एकटी पडली आहे. आणि तिचे पाय आधीच गार.

बसमधून उतरताना मास्तरांनी त्यांचा दंड धरला. म्हणाले, तुम्ही उतरू नका. का, ते त्यांना सांगता आलं नाही. काका त्यांच्या हातावर थोपटून म्हणाले, "मला... एकदा बघून येऊ दे." हे त्यांचं बरंच लांब वाक्य होतं, आणि मास्तरांनी ते पूर्ण होऊ दिलं.

गुडघ्यांनी खूप त्रास दिला. कर्नलांनी आणि डॉक्टरीणबाईंनी दोन्हीकडून धरून त्यांना खाली आणलं. दोघं सौम्यपणे हसत होते. बाकीची मंडळी या वेळी घळीत उतरली नाहीत. काठावर रांगेनं उभी राहिली, जसं कुणाला पोचवायला आल्यावर राहतात. टेकाडावर पिवळी शाल स्टुलावर बसली होती, मांडीवर लाल फडकं घेऊन.

काकांनी राखलेला पट्टा शोधला आणि आडवे झाले.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी बैठका भरल्या. असा भराव त्यांच्या हातून कधी झाला नव्हता. मानेखाली उंची बरोबर, कमरेला आधार बरोबर, दुखऱ्या गुडघ्याखाली नेमका तेवढा उंचवटा. वर आभाळाचा एक पट्टा आणि गवताची पाती. एवढंच दिसत होतं. मास्तर काठावरून काहीतरी बोलत होते, ते शब्द लांबच्या खोलीतून यावेत तसे येत होते. काकांना वाटलं, डोळे मिटावेत. मिटले नाहीत. उजवीकडे बघायचा धीरही झाला नाही. उजवीकडे दबलेलं गवत होतं.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. ती जरा उशिराच वाजली, आणि थरथरत. वर फडकं लगेच उंच झालं.

काकांनी उठायला हात टेकला. निदान त्यांना तसं वाटलं. अंगावरून काहीतरी हलकेच उचललं गेलं, पांघरूण काढतात तसं. पात्यांच्या फटीतून त्यांना एक पाठ दिसली. करड्या स्वेटरची, कोपरावर त्यांनी स्वतः ठिगळ लावलेल्या स्वेटरची. ती पाठ चढ चढत होती. गुडघे कुरकुरत नव्हते. काठावरच्या मंडळींनी वाट करून दिली.

"गादीकाका," मास्तरांचा आवाज आला, अगदी हलका, घाबरलेल्या पोरासारखा. "तोफ कुठल्या बाजूला होती हो?"

"उजवीकडे," असं उत्तर आलं. लगेच, न अडखळता.

 पावलं लांब गेली. बस सुरू झाली, मास्तरांना कुणीतरी प्रेमानं हाक मारली, दार लागलं, आवाज विरत गेला. काकांना ओरडायचं होतं. पहिला शब्द उचलून ते दुसरा शोधत होते, तोवर माळ रिकामा झाला.

वारा सुटला. घळीत मात्र एक पातं हललं नाही. गवताखालून, आजूबाजूनं, कितीतरी श्वास संथपणे येत-जात होते. त्यांतला एक संथ नव्हता. तो जाग्या माणसाचा होता.

दोन पाय पोटरीला येऊन लागले. बर्फासारखे गार.

"झालं का पोचणं?" उजवीकडून कुजबुज आली. "एक काम म्हणून वेळेवर होईल तर शपथ."

काकांनी पोटरी जराशी तिच्याकडे सरकवली.